टीपीचे पुस्तक

वाहतूक परवान्याचे पुस्तक दिसायला किराणा दुकानातल्या पावतीपुस्तकासारखेच असते. पानावर छापील क्रमांक आणि खाली रकाने: मालाचा प्रकार, नग, लांबी, गोलाई, हातोड्याची निशाणी, माल कुठून निघाला, कुठे जाणार, कोणत्या रस्त्याने जाणार, गाडीचा नंबर, परवान्याची मुदत. एक प्रत फाडून गाडीवाल्याला द्यायची, दुसरी पुस्तकात राहते. विदर्भात याला ‘वाहतूक परवाना’ कोणी म्हणत नाही, सगळे टीपी म्हणतात. टीपी जवळ असेल तर ट्रक नाक्यावर दोन मिनिटांत सुटतो. नसेल तर त्यातला माल चोरीचा धरतात, आणि तो चोरीचा नाही हे सिद्ध करण्याचे काम ट्रकवाल्याचे. भारतीय वन अधिनियमाचे ६९ वे कलम स्पष्टच सांगते की वनोपजाच्या मालकीचा वाद आला तर, उलट सिद्ध होईपर्यंत, ते सरकारचेच मानायचे.

जंगल कोणाचे यावर आपल्याकडे पुष्कळ भाषणे झाली, ग्रंथ निघाले. व्यवहारात मात्र हा प्रश्न एवढाच होता की टीपीचे पुस्तक कोणाच्या कपाटात आहे. जवळजवळ दीडशे वर्षे ते सरकारी कपाटात होते. २७ एप्रिल २०११ रोजी गडचिरोली जिल्ह्यातल्या एका गोंड गावाने ते तिथून बाहेर काढले.

या गोष्टीतले जंगल चांदा (चंद्रपूर)-गडचिरोलीचे, पण कागद नागपूरचा. १८६१ साली मध्य प्रांत स्थापन झाला तेव्हापासून नागपूर त्याची राजधानी. महाराष्ट्राच्या वनखात्याचे मुख्यालय आजही मुंबई-पुण्यात नाही, ते इथे सिव्हिल लाइन्समधल्या वनभवनात आहे. १९७४ साली स्थापन झालेल्या वनविकास महामंडळाचा, म्हणजे एफडीसीएमचा, कारभारही नागपूरहूनच चालतो. त्याची इमारत हिंगणा रस्त्यावर अंबाझरीच्या बाजूला आहे, आमच्या प्रतापनगराहून दुचाकीवर थोड्याच वेळात पोचता येते. प्रतापनगर, खामला, त्रिमूर्तीनगर हा सगळा भाग नोकरदारांच्या बंगल्यांनी वसला. त्यातली जुनी घरे आता पाडून फ्लॅट स्कीम उभ्या राहतात. घर पाडताना आधी दारांच्या चौकटी काढून बाजूला ठेवतात, कारण सागाच्या चौकटीला अजून गिऱ्हाईक मिळते. ‘सीपी टीक’ म्हणून व्यापारात नाव असलेला हा साग. सीपी म्हणजे सेंट्रल प्रॉव्हिन्सेस. ते राज्य जाऊन पाऊण शतक झाले, लाकडाच्या व्यापाऱ्याने मात्र नाव सोडले नाही. आलापल्ली, अहेरी, बल्लारशा या टापूतले हे लाकूड कधी काळी हातोड्याची निशाणी आणि टीपी घेऊनच नागपुरात आलेले असते.

तो हातोडा आला रेल्वेबरोबर. १८६० च्या आसपास कॅप्टन पिअर्सन यांच्याकडे मध्य प्रांतातल्या जंगलांची देखरेख सोपवली गेली. रिचर्ड टेंपल मुख्य आयुक्त असतानाच्या काळात, १८६५ साली, सातपुड्यातले बोरीचे जंगल राखीव झाले. त्याच वर्षी देशाचा पहिला वन कायदा आला. १८६७ ला नागपुरात रेल्वे पोचली. ही सालांची रांग योगायोगाची नाही. रुळांखाली लाखो स्लीपर लागत होते आणि साग, साल यांची मोठी झाडे ठेकेदार हवी तशी तोडून नेत होते. जंगल संपेल ही इंग्रजांची भीती खरी होती. त्यांनी जंगल वाचवले हेही खरे, पण स्वतःसाठी वाचवले. १८७८ च्या कायद्याने जंगलांचे राखीव आणि संरक्षित असे वर्ग पाडले आणि गावाचे जे हक्क होते त्यांचे रूपांतर सवलतीत केले. हक्क मागता येतो. सवलत देणाऱ्याच्या मर्जीवर असते. मग गुरे चारायला पास, गवताला परवाना, जळाऊ लाकडाच्या गाडीला पावती, असा कारभार सुरू झाला. १९२७ चा भारतीय वन अधिनियम याच कायद्याची सुधारून काढलेली आवृत्ती. तो अजून चालू आहे.

नागपूर प्रांतात सगळेच जंगल सरकारचे नव्हते, हे इथे लक्षात ठेवायला हवे. इंग्रजांनी महसूल गोळा करणाऱ्या मालगुजारांना गावांची मालकी बहाल केली तेव्हा गावालगतचे जंगलही त्यांच्या पदरात पडले. चांद्याच्या पूर्वेला तर जमीनदाऱ्याच होत्या. रयतेला लाकूड, बांबू, मोह, चारा आपल्या गरजेपुरता घेता येई; त्या वापराला निस्तार म्हणत. काय घेता येते आणि काय नाही, हे ‘वाजिब-उल-अर्ज’ नावाच्या गावच्या दस्तऐवजात लिहिलेले असे. मालगुजाराचा जाच कमी नव्हता. पण तो गावात दिसत होता, त्याच्याशी भांडता येत होते. सरकारी खात्याशी भांडायचे तर आधी अर्ज करावा लागतो.

१९३० साली हा परवाना थेट स्वातंत्र्यलढ्यात उतरला. ६ एप्रिलला गांधीजींनी दांडीला मीठ उचलले. विदर्भाला समुद्र नाही. मिठाचा कायदा मोडायचा कुठे, हा इथल्या पुढाऱ्यांपुढचा प्रश्न होता. मग त्यांनी प्रत्येक कास्तकाराला रोज नडणारा कायदा निवडला. १० जुलै १९३० रोजी पुसदला लोकनायक बापूजी अणे यांनी राखीव जंगलातले गवत परवान्याशिवाय कापले. २१ जुलैला यवतमाळला डॉ. केशव बळीराम हेडगेवार यांनी सरसंघचालकपद तेवढ्यापुरते डॉ. ल. वा. परांजपे यांच्याकडे सोपवून याच सत्याग्रहात भाग घेतला आणि त्यांना नऊ महिन्यांची शिक्षा झाली. आरोप काय? तर चोरीचा. पेंढीभर गवत कापल्याबद्दल भारतीय दंड संहितेचे ३७९ वे कलम! टिळकांच्या तालमीत तयार झालेले अणे हे नामांकित वकील. आपण कोणते कलम अंगावर घेतो आहोत हे त्यांना पुरते ठाऊक होते.

सत्याग्रहाची ही शिस्तशीर बाजू. विळा, तिरंगा, टोपी, अटक, शिक्षा. रानात राहणाऱ्यांना ती फार महागात पडली. बैतुल जिल्ह्यात गोंड आणि कोरकू मोठ्या संख्येने उठले. सिवनी जिल्ह्यातल्या टुरियाला ९ ऑक्टोबर १९३० रोजी पोलिसांनी गोळीबार केला, त्यात मेलेल्या चार जणांत तीन बाया होत्या. तिकडे कोकणात २५ सप्टेंबरला चिरनेरला गोळ्या चालल्या होत्या. शहरातला सत्याग्रही परवाना एक दिवस मोडून तुरुंगात गेला आणि सुटल्यावर हारतुरे घेऊन घरी आला. रानातल्या माणसाला दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच नाकेदारासमोर उभे राहायचे होते. आणि स्वातंत्र्य आल्यावर ज्या कायद्याविरुद्ध गवत कापले होते, तो तसाच ठेवला गेला. अणे यांच्या पिढीला हे टोचले की नाही कोण जाणे. मला मात्र आपल्या स्वातंत्र्याच्या इतिहासातली ही मोठी विसंगती वाटते.

१९५१ साली मध्य प्रदेशात, म्हणजे तेव्हाच्या नागपूर राजधानीच्या राज्यात, मालगुजाऱ्या आणि जमीनदाऱ्या खालसा झाल्या. जमीनदारांचे जंगल सरकारकडे आले. गावांसाठी निस्तार पत्रके तयार झाली. १९५६ ला विदर्भ मुंबई राज्यात गेला, १९६० ला महाराष्ट्र झाला. राज्ये बदलली, जंगलातले ठेके चालूच राहिले.

ठेक्याची रीत अशी. जंगलाचा आराखडा करून त्याचे तुकडे पाडायचे, त्यांना कूप म्हणतात. यंदा हे कूप, पुढच्या साली ते. तोडायच्या झाडावर हातोड्याचा ठसा मारायचा. पूर्वी उभे कूप लिलावात ठेकेदाराला विकले जाई आणि तोड त्याची माणसे करीत. ठशाच्या शेजारचे बिनठशाचे झाड रात्रीतून कसे जाते, हे तोड करणाऱ्या कोणत्याही मजुराला विचारावे. जंगल कामगार सहकारी संस्था निघाल्या त्या याच ठेकेदारीला पर्याय म्हणून; बाळासाहेब खेरांच्या काळात मुंबई राज्यात त्यांना चालना मिळाली. पुढे तोड खात्याकडे आणि महामंडळाकडे आली आणि विक्री आगारातून होऊ लागली. बल्लारशाच्या आगारात लिलावाच्या दिवशी व्यापारी ओंडक्यांच्या रांगांतून फिरतात. प्रत्येक नगाच्या कापलेल्या तोंडावर नंबर, लांबी, गोलाई आणि ठसा असतो. व्यापारी आतून पोकळ आहे का ते ठोकून पाहतो, गाभ्याचा रंग पाहतो, वहीत काहीतरी खूण करतो. सरपणाचे ढीग वेगळे रचलेले असतात, त्यांना इकडे ‘जळाऊ बीट’ म्हणतात. बोली संपली, पैसे भरले, की टीपी. सारा व्यवहार त्या कागदाशी येऊन संपतो.

खासगी शेतातल्या झाडांनाही हा कागद सुटला नाही. १९६४ च्या झाडतोड नियमन कायद्याने साग, मोह, चिंच अशी झाडे स्वतःच्या बांधावरची असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत असे ठरवले. आदिवासींच्या शेतातला साग ठेकेदार कवडीमोलाने घेत, म्हणून १९६९ मध्ये त्यांच्या झाडांच्या विक्रीसाठी वेगळा कायदा झाला. हेतू चांगला होता. परिणाम असा की आदिवासी शेतकऱ्याला आपले झाड विकायलाही साहेबाकडे जावे लागू लागले. रक्षणासाठी केलेला कायदा आणि ताब्यासाठी केलेला कायदा यांच्यातला फरक शेतात उभ्या असलेल्या माणसाला फारसा कळत नाही. दोन्हींत त्याला अर्जच करावा लागतो.

आता बांबू. सागाइतका मान बांबूला कधी मिळाला नाही, पण गावाचे त्याच्याविना चालत नाही. घराच्या भिंतीचे कूड, कुंपण, टोपल्या, सुपे, मासे धरायचे सापळे, शिवाय पावसाळ्यात कोवळ्या कोंबांची, म्हणजे वास्त्यांची भाजी. त्याच बांबूपासून कागदही होतो. १९४५ साली स्थापन झालेल्या कंपनीची बल्लारपूरची कागद गिरणी पुढे देशातल्या मोठ्या गिरण्यांत गणली गेली आणि चांद्याचा बांबू सरकारी कराराने तिला जाऊ लागला. असे करार देशभर होते. कर्नाटकात दांडेलीच्या गिरणीला टनामागे दीड रुपया दराने बांबू मिळे, हे माधव गाडगीळ यांनी पुन्हा पुन्हा लिहिले आहे. गिरणीला टनावर आणि बुरुडाला नगावर, अशी ही विक्री. जंगल एकच, त्यातला बांबूही एकच. पण गिरणीचा करार दीर्घ मुदतीचा, आणि बुरुडाला दरवेळी खात्याच्या दारात उभे राहावे लागे.

मेंढा हे धानोरा तालुक्यातले गाव, गडचिरोलीहून सुमारे तीस किलोमीटरवर. शेजारच्या लेखा गावासोबत त्याचे नाव ‘मेंढा (लेखा)’ असे जोडून घेतले जाते. वस्ती शंभराच्या आतबाहेर घरांची, जवळजवळ सगळी गोंड. १९८० च्या दशकात इंचमपल्ली आणि भोपालपट्टणमच्या प्रस्तावित धरणांविरुद्ध ‘जंगल बचाव, मानव बचाव’ आंदोलन उभे राहिले. लालशाम शाह आणि बाबा आमटे त्यात होते. धरणे थांबली. आंदोलन ओसरल्यावर बहुतेक गावे आपापल्या कामाला लागली, पण मेंढ्यात बैठका चालूच राहिल्या. देवाजी तोफा हे गावातले तरुण कार्यकर्ते आणि ‘वृक्षमित्र’चे मोहन हिराबाई हिरालाल यांची गाठ याच काळात पडली. गावात अभ्यासगट सुरू झाले. निर्णय बहुमताने घ्यायचे नाहीत, सर्वसहमतीने घ्यायचे, असे ठरले. एकाचाही विरोध असेल तर विषय पुढच्या बैठकीत. ऐकायला हे फार वेळखाऊ वाटते. तसे ते आहेच. पण यामुळे फोडता येईल असा अल्पमताचा गट गावात उरत नाही, आणि ठेकेदाराला तर असाच गट हवा असतो.

गावाने तेव्हा घोटुल बांधायला घेतले. घोटुल म्हणजे गोंडांच्या तरुणाईचे सामूहिक घर. ते सागाच्या लाकडाचे हवे, अशी रीत. गावाने जंगलातून लाकूड आणले. खात्याच्या दृष्टीने ते बेकायदा तोडलेले सागवान. पोलीस बंदोबस्तात घोटुल मोडून लाकूड जप्त झाले. मग आसपासच्या गावांनी सभा घेतली आणि एकाच्या जागी बारा गावांत बारा घोटुले उभी राहिली. बारा ठिकाणी जाऊन मोडतोड करण्याची हिंमत नंतर कोणाला झाली नाही. परवान्याच्या इतिहासात मला हा प्रसंग पुसदच्या गवताइतकाच महत्त्वाचा वाटतो, आणि शाळेच्या पुस्तकात तो नाही. पुढे नव्वदच्या दशकात गिरणीसाठी बांबूतोड करायला माणसे आली तेव्हाही गावाने त्यांना आपल्या हद्दीत अडवले. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही मेंढ्याची घोषणा याच भांडणांतून घडली.

मग डिसेंबर २००६ मध्ये संसदेने वनहक्क कायदा मंजूर केला. जानेवारी २००८ पासून नियम लागू झाले. या कायद्यात पहिल्यांदाच गावाच्या सामूहिक हक्काला कागदावर जागा मिळाली: गौण वनोपज गोळा करण्याची, वापरण्याची, विकण्याची मालकी, आणि जंगलाचे रक्षण व व्यवस्थापन करण्याचा अधिकार. मेंढ्याने दावा दाखल केला. नकाशे, जुनी निस्ताराची नोंद, म्हाताऱ्यांचे जबाब अशी सगळी तयारी होती, कारण अभ्यासगटांची वीस वर्षांची मेहनत पाठीशी होती. २००९ साली मेंढा आणि शेजारचे मारदा या गावांना सामूहिक वनहक्काचे पट्टे मिळाले. असे पट्टे मिळालेली ही देशातली पहिली गावे. मेंढ्याच्या पट्ट्यावरचे क्षेत्र १,८०९.६१ हेक्टर.

पट्टा मिळाला, बांबू तयार होता, गिऱ्हाईकही होते. ग्रामसभेने बांबू विकायचे ठरवले आणि वनखात्याकडे टीपी मागितली. खात्याने नकार दिला.

नकाराचे कारण वाचण्याजोगे आहे. १९२७ च्या अधिनियमात झाडाची जी व्याख्या आहे तिच्यात बांबू येतो. झाड म्हटले की त्याचे लाकूड आले, लाकूड म्हटले की ते गौण वनोपज राहिले नाही, आणि गौण नाही तर ग्रामसभेचा हक्क नाही. उलट २००६ च्या वनहक्क कायद्यातल्या गौण वनोपजाच्या यादीत बांबूचे नाव अगदी ठळकपणे घातलेले. म्हणजे एकच बांबू एका कायद्याने झाड आणि दुसऱ्या कायद्याने वनोपज. वनस्पतिशास्त्र बांबूला गवताच्या कुळात घालते. पण ते शास्त्र नाक्यावर चालत नाही. खात्याची बाजू अगदीच पोकळ होती असे मी म्हणणार नाही. बांबू सुटला तर उद्या त्याआड सागही जाईल, ही भीती नाक्यावरच्या वनरक्षकाने अनुभवातून कमावलेली होती. पण त्या भीतीमागे दुसरीही गोष्ट होती. बांबू गेला की गिरणीचा करार, स्वामित्वधन, तोडीचे काम, त्यातली सगळी उलाढाल हातातून जाते. बाकी साऱ्या हक्कांवर सही करूनही टीपीचे पुस्तक न देणे म्हणजे घराची किल्ली देऊन फाटक बंद ठेवणे झाले.

मेंढा हटले नाही. पत्रव्यवहार झाला, माध्यमांत बातम्या आल्या. जयराम रमेश तेव्हा केंद्रात पर्यावरण व वनमंत्री होते. २१ मार्च २०११ रोजी त्यांनी सर्व मुख्यमंत्र्यांना पत्र लिहिले: बांबू हे गौण वनोपज माना, आणि जिथे सामूहिक हक्क मान्य झाले आहेत तिथे वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेला द्या. राज्यकर्त्यांच्या हिशेबात नक्षलवाद होताच. गडचिरोलीत सरकार आपले आहे असे लोकांना वाटावे यासाठी बंदुकीखेरीज काहीतरी दाखवणे गरजेचे होते. हेतू कोणताही असो, सव्वा महिन्याने, २७ एप्रिलला, रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण मेंढ्यात आले. त्यांच्या उपस्थितीत टीपीचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. देवाजी तोफा यांनी ते घेतले.

तो एका गावापुरता सोहळा होता हे विसरू नये. शेजारच्या गावांना पुस्तक मिळायला पुढे बरेच झगडावे लागले. ओडिशात कालाहंडीतल्या जामगुड्याला तर ते ३ मार्च २०१३ ला मिळाले, आणि तेही रमेश पुन्हा जातीने गेले तेव्हा. पुढचा खरा बदल गुपचूप झाला. सप्टेंबर २०१२ मध्ये वनहक्काच्या नियमांत दुरुस्ती झाली आणि गौण वनोपजाचा वाहतूक परवाना ग्रामसभेची समिती किंवा ग्रामसभेने नेमलेली व्यक्ती देईल असे थेट लिहिले गेले. मंत्र्यांच्या दौऱ्याला फोटो मिळतात, बाकीच्या गावांना मात्र उपयोग नियमाचा होतो.

पुस्तक हाती आल्यावर मेंढ्याचे काम वाढले. सही करणारा कोण, हिशेब कोण ठेवणार, निविदा कशी काढायची? ग्रामसभेने पॅन क्रमांक काढला, बँकेत खाते उघडले. तोडीचे नियम घातले: चालू सालचा कोवळा बांबू तोडायचा नाही, बेट मोकळे करायचे पण उजाड करायचे नाही, तोडलेल्या भागाला विश्रांती द्यायची. हे नियम खात्याच्या कार्य आयोजनेतही असतात. फरक एवढाच की इथे मोडणारा आणि तपासणारा दोघे एकाच सभेत बसतात. पहिल्या काही हंगामांत गावाची बांबूची विक्री कोटीच्या घरात गेली.

चंद्रपूर जिल्ह्यात गोंडपिपरी तालुक्यातले पाचगाव याच वाटेने पुढे गेले. २०१२ साली त्याला १,००६ हेक्टरवर सामूहिक हक्क मिळाला. पाचगावने बांबूचे लिलाव स्वतः केले, पण तेंदूपत्ता तोडायचा नाही असे ठरवले. तेंदूसाठी फांद्या छाटतात, कोवळी पालवी यावी म्हणून आग लावतात, त्यात जंगल जाते. शिवाय पानाची होते बिडी. बाजारभाव चढा असताना हातचे उत्पन्न सोडणारी ही ग्रामसभा पाहून परवाना खात्याच्या हातात असल्याखेरीज जंगल राहणार नाही, या जुन्या समजाला निदान एका ठिकाणी तरी उत्तर मिळाले. एका गावावरून नियम करू नये, हेही तितकेच खरे. काही ग्रामसभांत हिशेबावरून भांडणे झाली, काही ठिकाणी ठेकेदारानेच ग्रामसभा चालवली.

तेंदूचा व्यवहार बांबूहून मोठा. एप्रिल-मे महिन्यांत पहाटे सारे घर रानात जाते, दुपारी ७०-७० पानांचे पुडे बांधतात, संध्याकाळी फळीवर मोजून देतात. हजार पुड्यांची एक गोणी. १९६९ च्या कायद्यापासून हा व्यापार सरकारच्या नियंत्रणात होता. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रात गौण वनोपजाची मालकी ग्रामसभेला दिली, आणि तिची अंमलबजावणी विदर्भात प्रत्यक्षात २०१३-१४ पासून दिसू लागली. ग्रामसभांनी निविदा काढल्या, ठेकेदारांना गावात येऊन बोलणी करावी लागली. एखाद्या साली भाव इतका चढतो की मजुरीखेरीज स्वामित्वधनाचे पैसेही चांगले हाती येतात. दुसऱ्या साली ठेकेदार एकी करून बोली पाडतात, किंवा माल उचलून पैसे थकवतात. आधी थकबाकी सरकारची असे आणि सरकार वसुलीला जाई. आता ग्रामसभेने करारात अनामत किती घेतली यावर सगळे अवलंबून. त्यात २०१७ पासून तेंदूपत्त्यावर १८ टक्के जीएसटी लागला, तो सप्टेंबर २०२५ मध्ये ५ टक्क्यांवर आला. ज्या सभेत पूर्वी नाकेदाराच्या जुलमावर बोलणे होई, तिथे आता कराचा परतावा, अनामत रक्कम आणि करारातली दंडाची अट यांवर वाद होतात.

इकडे कायदाही हलला. नोव्हेंबर २०१७ मध्ये आधी अध्यादेशाने, मग दुरुस्तीने, १९२७ च्या अधिनियमातल्या झाडाच्या व्याख्येतून बांबू वगळला. नव्वद वर्षांनी बांबू झाड राहिला नाही. त्याचा फायदा शेतात बांबू लावणाऱ्याला झाला. त्याची टीपी सुटली. प्रतापनगरात नव्या इमारतीला पराती बांधायला येणारा बांबू एखाद्या शेतातला असेल तर त्याला आता परवाना लागत नाही. जंगलातून आलेला बांबू मात्र वनोपज म्हणून कायद्याखालीच आहे. आणि २९ डिसेंबर २०२३ पासून केंद्राची देशभरासाठी एकच ऑनलाइन परवाना पद्धत सुरू झाली आहे. क्यूआर कोड स्कॅन केला की माल कुठला, कुठे चालला ते नाक्यावर कळते. खासगी जमिनीवरचे लाकूड, बांबू आणि गौण वनोपज यांच्या व्यापाऱ्याला ही मोठी सोय. ज्या गावाला पुस्तक मिळवायला दोन वर्षे झगडावे लागले त्याला मोबाइलची रेंज मिळेल का, हा वेगळा प्रश्न.

साग मात्र खात्याच्या हातातून कुठेच गेलेला नाही. २९ मार्च २०२३ रोजी अयोध्येच्या राममंदिरासाठी बल्लारपूरहून सागवान वाजतगाजत रवाना झाले. त्याच साली मे महिन्यात उघडलेल्या नव्या संसद भवनातले सागवानही नागपूरकडूनच गेले. हे लाकूड आगारातले, ठसा मारलेले, टीपीवरचे. मेंढ्याच्या १,८०९ हेक्टरांतही साग उभा आहे. वनहक्क कायद्याने गौण वनोपजाची व्याख्या लाकूड सोडून केली आहे. त्यामुळे बांबूच्या ट्रकवर ग्रामसभेची सही चालते. विक्रीच्या सागावर हातोडा अजून खात्याचाच लागतो. १९८० च्या दशकात घोटुलाचे जे लाकूड जप्त झाले होते, त्याच जंगलातला साग ग्रामसभेला आज बाजारात विकायचा झाला तर तिला पुन्हा वनखात्याकडेच अर्ज करावा लागेल.